अंगण खरंच वाकडं असेल तर?

आपल्या मराठीत काही म्हणी अशा आहेत की त्या नेहमी वरच्याने खालच्याला ऐकवायच्या असतात. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही त्यातली पहिली. जन्मभर मराठी शिकवलं, ‘वाक्यात उपयोग करा’ म्हणून ही म्हण फळ्यावर किती वेळा लिहिली त्याची गणती नाही. पण अंगण खरोखर वाकडं आहे का, हे मोजायला कोणी जात नाही. आज मला त्या मोजण्याबद्दलच लिहायचं आहे. विषय शिवणयंत्राचा आहे, तेव्हा नातेवाईक मंडळींनी जरा धीर धरावा.

आमच्या शहाडला लागूनच उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची ही छावणी, १९४९ साली तिला हे नाव मिळालं. जीन्सपासून सोफ्यापर्यंत काय वाट्टेल ते तिथे शिवलं जातं. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथल्या एका लहान कारखान्यात सोफ्याच्या गाद्यांची कव्हरं शिवते. मजुरी नगावर. पायपिंगवर टाके सुटलेले दिसले की त्या नगाचे पैसे कापतात. ‘मशीन एकदा बघा’ म्हटलं तर मालकाकडून उत्तर येतं ते वरच्या म्हणीचं.

पायपिंग म्हणजे गादीच्या कडेने फिरणारी ती गोल, उठावदार किनार. उरेब पट्टीत डोरी गुंडाळायची आणि ती दोन कापडांच्या मधे धरून डोरीला अगदी खेटून शिवायचं. आता टाका पडतो कसा ते पाहा. सुई दोरा घेऊन खाली जाते, तळाशी पोचून किंचित वर येते, आणि त्या क्षणी दोरा सुईच्या मागे फुगून त्याचा छोटा फासा होतो. खालचं फिरतं हुक नेमकं तेव्हा येऊन तो फासा उचलतं आणि बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवतं. फासा झाला नाही, किंवा झाला पण हुक सुईपासून लांबून गेलं, की टाका सुटला. हुक आणि सुई यांच्यात जेमतेम कागदाच्या जाडीएवढी फट असते. हा सगळा खेळ प्लेटच्या खाली चालतो. शिवणाऱ्या बाईचे हात प्लेटच्या वर असतात!

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की टाका सुटला तर ‘कोणी सोडला’ हे विचारण्याआधी ‘कुठे सुटला’ हे विचारा. जागाच कारण सांगते.

सरळ शिवणीतही इथे तिथे टाके सुटत असतील तर आधी सुई बदला. बोथट किंवा वाकलेली सुई, पूर्ण वर न बसवलेली सुई, खाचेची बाजू हुककडे नसलेली सुई, किंवा जाड दोऱ्याला बारीक सुई, यातलं काहीतरी निघतं. तरीही सुटले, तर हुकचं टायमिंग मेकॅनिककडून तपासून घ्या. रेक्झिनवर सलग शिवताना थोड्या वेळाने सुटू लागले, तर सुई तापून चिकटतेय का ते पाहा. आणि फक्त पायपिंगवरच सुटत असतील तर पायाखाली बघा. डोरी जाड आणि पायाची खाच लहान असली की पाय डोरीवर चढून तिरका बसतो. सुईजवळचं कापड मोकळं राहतं, सुईबरोबर तेही वर उचललं जातं, आणि मग फासा होतच नाही.

पट्टीच्या जोडावरच सुटतात का? मग थर मोजा. एरवी वरचं कापड, पट्टीचे दोन पदर आणि खालचं कापड मिळून चार थर. पट्टी सरळ जोडली असेल तर जोडावर त्याचे सहा होतात, आणि शिवणीचा जादा भाग एकाच बाजूला दुमडला असेल तर आठ! त्या ढिगाऱ्यात सुई वाकते आणि हुक चुकतं. पट्टी तिरकी जोडली तर तोच फुगवटा पसरतो.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि टाकाऊ तुकड्यावर शिवून पाहायचं. सगळं एकदम बदललं तर दुखणं कदाचित जाईल, पण ते कशाचं होतं ते कधीच कळणार नाही.

मालकांची बाजू मला कळत नाही असं नाही. ऑर्डर अडते, मेकॅनिक वेळेवर येत नाही, खराब माल परत येतो. आणि कधीकधी हाताचीही चूक असते, हेही खरं. घाईत कापड मागून ओढलं की सुई वाकते आणि टाका सुटतो. पण ओढायची घाई कशाने होते? नगावरच्या मजुरीने! ती सवय शिकवून सुटेल, पैसे कापून नाही. कापणीच्या धाकाने हात आणखी जोरात ओढू लागतात.

कायद्याची दृष्टीही याहून वेगळी नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात नुकसानीपोटी कपात करायची तर दोन अटी होत्या: नुकसान थेट कामगाराच्या हयगयीमुळे झालेलं असावं, आणि आधी त्याला आपली बाजू मांडायची संधी मिळावी. २०१९ च्या वेतन संहितेतही हे तत्त्व कायम राहिलं. सुई न बदलता हयगय ठरवायची कशी, हे मला कोणी समजावून सांगावं.

यंत्रांच्या वेडावर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली शिवणयंत्राला मुद्दाम अपवाद केलं होतं, कारण ते माणसाचे कष्ट वाचवतं. त्याच यंत्राचा दोष त्यावर राबणाऱ्या बाईच्या माथी मारायचा, याला काय म्हणावं?

सुई मिळते थोड्या रुपयांत. पायपिंगचा योग्य खाचेचा पाय एकदाच घ्यावा लागतो. मजुरी मात्र दर वेळी कापली जाते, आणि तिच्यावर कोणाचं तरी घर चालतं. तेव्हा ज्यांची कारखानदारी आहे, किंवा ओळखीत कोणाची आहे, त्यांना माझा निरोप द्या: आधी सुई, मग पाय, मग जोड, मग टायमिंग. हे चारही पाहून झाल्यावर हाताकडे बघा. आणि तोवर मजुरीच्या वहीला हात लावू नका.