सहा महिने आणि तीन दिवस

थंडी पडू लागली की मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक मेळाव्यांचा हंगाम सुरू होतो. पंचतारांकित हॉटेलांची सभागृहे आता त्यांना अपुरी वाटतात. हजार-दोन हजार माणसांना एखाद्या जलाशयाकाठी अथवा सह्याद्रीच्या पठारावर न्यावे आणि निसर्गाच्या सान्निध्यात दोन दिवस ठेवावे, अशी नवी रीत आहे. कचेरीत राबणाऱ्या माणसाने मोकळ्या हवेत चार घटका घालवाव्यात, याला आमचा आक्षेप नाही. प्रश्न नियोजनाचा आहे.

हे नियोजन पाच-सहा महिने आधी सुरू होते. व्यासपीठ केवढे, जनित्रे किती, मोटारी कोठे उभ्या राहणार, याचा चोख हिशेब कागदावर असतो. पाण्याचे टँकर कोणाच्या विहिरीवर भरणार, मैला आणि उष्टे कोठे जाणार, सपाट केलेली जमीन पूर्ववत कोण करणार, हे मात्र त्या कागदावर सहसा नसते. 2016 च्या घनकचरा नियमांनी, परवाना नसलेल्या जागी शंभरांहून अधिक माणसे जमविणाऱ्या आयोजकाने स्थानिक संस्थेला किमान तीन कामाचे दिवस आधी कळवावे, असे बंधन घातले. कंपनीला सहा महिने, ग्रामपंचायतीला तीन दिवस! जिच्यापाशी कचरा उचलायला एक गाडीही नाही, त्या पंचायतीने तीन दिवसांत काय करावे?

उशिरा जाग आल्याचे फळ काय असते, हे दिल्लीने पाहिले आहे. मार्च 2016 मध्ये यमुनेच्या पूरमैदानावर एका आध्यात्मिक संस्थेचा तीन दिवसांचा जागतिक महोत्सव झाला. लष्कराने नदीवर तरंगते पूल बांधून दिले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा पाच कोटी रुपये भरण्याचा आदेश आला, तो व्यासपीठ उभे राहिल्यावर, उद्घाटनाच्या तोंडावर. पुढे तज्ज्ञ समितीने मैदानाच्या पुनरुज्जीवनाला सुमारे 42 कोटी रुपये आणि दहा वर्षे लागतील असा अंदाज दिला. आयोजकांनी नुकसान झाल्याचे नाकारले. न्यायाधिकरणाने डिसेंबर 2017 मध्ये त्यांनाच जबाबदार धरले. तो महोत्सव कंपनीचा नव्हता, हे खरे. पण आधी मांडव आणि मग विचार, ही रीत तीच होती.

यावर उत्तर ठरलेले असते : गावाला रोजगार मिळतो. मिळतो, नाकारण्यात अर्थ नाही. परंतु दोन दिवसांची मजुरी घेऊन वर्षभराची विहीर गढूळ करून घेणे, हा सौदा गावाने केलेला नसतो. त्याच्या वतीने दुसऱ्याच कोणी केलेला असतो. बियास नदीचा प्रवाह आपल्या हॉटेलाच्या सोयीसाठी वळवू पाहणाऱ्या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 सालीच सांगितले, की नैसर्गिक संपत्तीचे सरकार हे मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे. विश्वस्ताने परवानगीच्या कागदावर सही करण्यापूर्वी जनतेला विचारायचे असते.

मुळशीचे नाव येथे सहज आठवते. 1921 साली तेथील मावळे सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध उभे राहिले. त्यांच्या जमिनी एका कंपनीच्या विजेसाठी पाण्याखाली गेल्या. आज त्याच पाण्याचा काठ विश्रांतीसाठी विकला जातो. तेव्हा गावाला विचारले नाही. आताही विचारले जात नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. मेळाव्याची जागा ठरताच, निदान दोन महिने आधी, आराखडा ग्रामसभेपुढे यावा. जमीन, पाणी आणि झाडे यांची आजची स्थिती नोंदवून पूर्वस्थितीची अनामत रक्कम आधीच जमा व्हावी आणि ग्रामसभेच्या तपासणीनंतरच ती परत मिळावी. मांडव घालणारे, खरकटे उचलणारे, रात्रभर पहारा देणारे यांची मजुरी, निवारा आणि विमा करारातच लिहिलेला असावा. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात यासाठी ग्रामसभांचे ठराव घ्यावेत. मांडव पडण्यापूर्वीचा ठराव उपयोगाचा. नंतरचा केवळ निषेध ठरतो.