लोकांची गाडी म्हणजे कोणाची?

"हे सगळं लोकांसाठी" असं कोणी म्हटलं की मी आधी बघतो, लोकांना काय हवंय ते त्याने पाहिलंय का? युरोपातल्या दोन जुन्या मोटारी शेजारी ठेवल्या की हा प्रश्न चांगला कळतो. एक जर्मनीची फोक्सवॅगन बीटल, दुसरी फ्रान्सची सित्रोएन टू-सीव्ही. दोन्हींची आखणी १९३०च्या दशकातली, दोन्हींची इंजिनं हवेने थंड होणारी, दोन्ही सामान्य माणसासाठी.

फोक्सवॅगनचा अर्थच लोकांची गाडी. हिटलरच्या आग्रहावरून फर्डिनांड पोर्श यांनी ती तयार केली. किंमत ९९० मार्क. आठवड्याला ५ मार्कांचं तिकीट घेऊन कार्डावर चिकटवायचं. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी पैसे भरले. मग युद्ध आलं. कारखान्यात सक्तीच्या मजुरांना राबवून लष्करी वाहनं निघाली आणि पैसे भरणाऱ्यांपैकी एकालाही गाडी मिळाली नाही. कोर्टकज्जे १९६१पर्यंत चालले. शेवटी हाती पडली ती नव्या गाडीवर सवलत, नाहीतर थोडी रोख रक्कम!

सित्रोएनच्या पिएर बुलांजे यांची मागणी बघा. दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे ताशी ६० किलोमीटर वेगाने न्यायचे, १०० किलोमीटरला ३ लिटर पेट्रोल, आणि नांगरलेल्या शेतातून जाताना टोपलीतलं अंडं फुटता कामा नये. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात गाडी आली तेव्हा तिची टिंगल झाली. इंजिन अवघं ३७५ सीसीचं, रूप पत्र्याच्या शेडसारखं. पण गिऱ्हाइकं काही वर्षं थांबायला तयार होती.

आता कोणी म्हणेल, गाडीचा काय दोष? खरं आहे. युद्धानंतर आयव्हन हर्स्ट या ब्रिटिश अधिकाऱ्याने तो मोडका कारखाना सुरू केला आणि बीटल जगभर गेली. २००३ साली मेक्सिकोत शेवटची निघाली तोवर २ कोटी १५ लाखांवर झाल्या होत्या. १९९० साली पोर्तुगालमध्ये थांबलेली टू-सीव्ही ३८ लाखांच्या आसपास. वेगातही बीटल सरस.

तरी माझे जास्त गुण टू-सीव्हीलाच. बीटल लोकांची झाली ती पुढे, वापरणाऱ्यांमुळे. टू-सीव्हीच्या कागदावर मात्र पहिल्या दिवसापासून शेतकरी होता, त्याच्या बटाट्यांसकट. बीटल जरूर आवडावी, पण तिचं कौतुक करताना ती तिकिटं चिकटवणारी माणसं आणि ते मजूर वगळू नयेत, एवढंच माझं म्हणणं.