फिरायच्या जागेला गल्ला लावू नका

मुंबईच्या कोस्टल रोडला लागून समुद्राच्या कडेनं जी नवी फिरायची जागा झालीय, तिच्यावर आज लिहितोय. "बीडमध्ये नळाला पाणी कधी येतंय ते बघा, मुंबईच्या समुद्राचं तुम्हाला काय पडलंय" अशी पहिली कमेंट येणार हे मला माहीत आहे. पोस्ट मोठी आहे. शेवटपर्यंत वाचा, मग खुशाल शिव्या द्या.

आधी हिशेब समजून घेऊ.

मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंत साडेदहा किलोमीटरचा कोस्टल रोड. खर्च तेरा-चौदा हजार कोटींच्या घरात, आणि तो सगळा मुंबई महापालिकेचा, म्हणजे लोकांचा. त्यासाठी समुद्रात भराव टाकून १११ हेक्टर जमीन तयार केली. आपल्या भाषेत पावणेतीनशे एकर. दक्षिण मुंबईत पावणेतीनशे एकर म्हणजे काय, हे ज्यानं तिकडं एका खोलीचं भाडं भरलंय त्याला विचारा.

या जमिनीवर रस्ता सोडून जे उरतं, ते लोकांसाठी मोकळं ठेवायचं असं ठरलं. बाग, झाडं, सायकलचा रस्ता आणि समुद्राच्या कडेनं चालायची जागा. महापालिका तिला "विहार क्षेत्र" म्हणते. त्यातला सव्वापाच किलोमीटरचा भाग १५ ऑगस्ट २०२५ पासून लोकांना चोवीस तास खुला झाला. तिकीट नाही, पास नाही. जा, बसा, वारं खा.

आता मुद्द्याची गोष्ट. ही जमीन फुकट मिळालेली नाही. ती एका अटीवर मिळालेली आहे.

समुद्रात भराव टाकायला कायदा सहजासहजी परवानगी देत नाही. रस्त्यासाठी अपवाद म्हणून ती दिली गेली. मे २०१७ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, तेव्हाच लिहिलं होतं की भरावाची जमीन निवासी किंवा व्यापारी कामासाठी वापरायची नाही. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मंजुऱ्या रद्द केल्या आणि काम थांबलं. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली, पण फक्त रस्त्यापुरती. पुढं सप्टेंबर २०२२ मध्ये बागबगीचा आणि लोकांच्या सोयीची कामं करायला वाट मोकळी झाली, तीही याच बोलीवर: या जागेवर निवासी किंवा व्यापारी वापर आज नाही आणि पुढंही कधी नाही.

"पुढंही कधी नाही" हे तीन शब्द लक्षात ठेवा. सगळं भांडण याच तीन शब्दांचं आहे.

तुम्ही म्हणाल, मग झालं की. कोर्टानं सांगितलंय, आता कोण मॉल बांधणार?

अहो, मॉल कोणीच बांधत नसतं. धंदा कधी पाटी लावून पुढच्या दारानं येत नाही. तो "देखभाल" म्हणून येतो. तो "सुशोभीकरण" म्हणून येतो. "पर्यटकांची सोय" म्हणून येतो. आधी एक जाहिरातीचा फलक, मग एक कॅफे, मग एक कार्यक्रमाचं मैदान, मग त्या मैदानाला दोर, मग दोराजवळ एक गार्ड. आणि एक दिवस गार्ड विचारतो, "पास आहे का?"

कोस्टल रोडवर यातल्या पहिल्या पायऱ्या दिसायला लागल्यात. रस्त्याच्या कडेला मोठमोठे जाहिरात फलक लावायचा विषय निघाला, तेव्हा तिथल्या रहिवाशांनी आवाज उठवला. बरोबर केलं. १३ मे २०२४ ला घाटकोपरला फलक कोसळून १७ माणसं मेली, त्या शहरात हे वेगळं सांगायची गरज पडावी हीच लाज आहे. मग ५३ हेक्टरचा, म्हणजे सव्वाशे एकरांहून जास्त हिरवा पट्टा खासगी कंपन्यांकडून सीएसआरमधून विकसित करून घ्यायचा प्रस्ताव आला. २०२५ मध्ये महापालिकेनं त्यासाठी कंपन्यांना विचारणा केली. कारण काय सांगितलं? महापालिकेचा खर्च वाचेल.

खर्च वाचेल! २०२५-२६ चं मुंबई महापालिकेचं बजेट ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचं आहे. देशातल्या काही लहान राज्यांचंही एवढं बजेट नसतं. ज्यांनी समुद्र बुजवायला हजारो कोटी काढले, त्यांच्याकडं झाडांना पाणी घालायला माळी ठेवायचे पैसे नाहीत? हे पटतं का तुम्हाला?

कुठल्या कंपनीनं अट मोडली असं मी म्हणत नाही. सीएसआरमधून चांगली कामं झालेलीही आहेत. पण चार प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं मराठीत, वेबसाइटवर, सही-शिक्क्यासह पाहिजेत. करार किती वर्षांचा? कंपनीच्या नावाची पाटी किती मोठी आणि कुठं कुठं? कार्यक्रम घेता येणार का, आणि घेतले तर पैसे कोणाच्या खात्यात? आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा: गेटची किल्ली कोणाकडं? ज्याच्याकडं किल्ली, त्याचं घर. हे खेड्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

याच शहरातलं दुसरं उदाहरण घ्या. गेटवे ऑफ इंडियापासून थोड्याच अंतरावर, रेडिओ क्लबजवळ, महाराष्ट्र सागरी मंडळ २२९ कोटींची नवी जेट्टी करतंय. बोटींची गर्दी वाढलीय, जेट्टी लागणार, कोणी नाही म्हणत नाही. पण आराखड्यात बोटींबरोबर आणखी काय होतं? दीडशे गाड्यांचं पार्किंग, व्हीआयपींसाठी बसायची जागा, कॅफे आणि अँफी थिएटर. बोट पकडायला अँफी थिएटर लागतं, हे आम्हाला नव्यानंच कळलं.

कुलाब्याचे रहिवासी कोर्टात गेले. १५ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयानं जेट्टीला परवानगी दिली, पण अटी घातल्या. अँफी थिएटर म्हणून जे बांधाल, ते बोटीची वाट बघणाऱ्या प्रवाशांना बसायला, करमणुकीच्या कार्यक्रमांना नाही. कॅफेत पाणी आणि पाकीटबंद खाणं मिळेल, जेवणावळी नाहीत. रहिवासी केस हरले असं बातम्यांत आलं. मी म्हणतो, सगळी नाही हरले. ते गेले नसते तर या अटी कागदावर आल्या असत्या का? सोय कुठं संपते आणि धंदा कुठं सुरू होतो, याची रेघ त्या निकालानं मारून दिली.

आता एक मुद्दा सरळ बोलू, कारण तो कमेंटमध्ये येणारच आहे. "हे विरोध करणारे सगळे ब्रीच कँडी आणि कुलाब्याचे श्रीमंत. त्यांना खिडकीतून समुद्र दिसला पाहिजे म्हणून ही बोंबाबोंब." यात थोडं खरं आहे. जेट्टीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही असंच सुनावलं होतं, की प्रकल्प सगळ्यांना हवा असतो, फक्त आपल्या घरामागं नको असतो.

पण नीट विचार करा. उद्या त्या किनाऱ्याला तिकीट लागलं तर श्रीमंताचं काय बिघडणार आहे? त्याला क्लब आहे, जिमखाना आहे, घराला गच्ची आहे. तो पाचशेची कॉफी पिऊन त्याच खुर्चीत बसेल. बाहेर कोण राहील? लोकलनं येणारा. पोरांना घेऊन घरातला डबा खायला येणारा. भेळवाला, शेंगदाणेवाला. कॅफे आला की पहिल्यांदा फेरीवाला उठवतात, हे कुठल्याही शहरात बघा. म्हणजे बोलायलेत श्रीमंत, पण जाणार आहे गरिबाचं.

आणि त्या गरिबांत आपण आहोत. मंत्रालयात फाईल घेऊन बीडवरून रात्रभर एसटीनं जाणारा माणूस दुपारी साहेबाची वाट बघत कुठं बसतो? टाटा हॉस्पिटलला पेशंट असलेला आपला माणूस रिपोर्ट मिळेपर्यंत कुठं डोकं टेकवतो? २०२५ च्या ऑगस्टअखेरीस आरक्षणाच्या आंदोलनाला आपल्या जिल्ह्यातली पोरं मुंबईला गेली. आंदोलन कोणाला पटो न पटो, पण त्या चार-पाच दिवसांत एक गोष्ट सगळ्यांना कळली. त्या शहरात पैसे न देता बसायच्या, पाठ टेकायच्या जागा बोटावर मोजण्याइतक्या आहेत. केंद्राच्या नगररचनेच्या सूत्रात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा पाहिजे. मुंबईत दोनही नाही. म्हणून मरीन ड्राइव्हचा कठडा हा त्या शहराचा सगळ्यात मोठा उपकार आहे. तिथं बसायला कोणी जात विचारत नाही आणि बिलही आणत नाही.

त्या कठड्याचा इतिहासही ऐका. शंभर वर्षांपूर्वी इंग्रज सरकारनं बॅकबेमध्ये भराव टाकायला घेतला. त्यातला गैरव्यवहार बॅरिस्टर खुर्शेद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. एका इंग्रज अधिकाऱ्यानं त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, नरिमन निर्दोष सुटले. पुढं त्यांचं नाव एका जागेला दिलं. कुठल्या? नरिमन पॉइंटला! भरावातल्या भ्रष्टाचाराशी भांडलेल्या माणसाचं नाव भरावावरच्या ऑफिसांच्या टॉवरांना. सत्तरच्या दशकात तिथल्या प्लॉटांच्या वाटपावरून मृणाल गोरे, पिलू मोदी यांना पुन्हा कोर्टात जावं लागलं. म्हणजे समुद्र बुजवायचा लोकांच्या नावानं आणि जमीन वापरायची धंद्याला, हा खेळ जुना आहे. म्हणूनच "पुढंही कधी नाही" ही अट आली.

"विरोध करून काय होतं?" म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांनी सांगितलं की पुलाच्या दोन खांबांमधून आमच्या होड्या सुरक्षित जाणार नाहीत, अंतर वाढवा. इंजिनिअर म्हणाले, ६० मीटर पुरे. कोळी हटले नाहीत. शेवटी २०२२ च्या अखेरीस मधला एक खांब वगळून अंतर १२० मीटर करायचं महापालिकेला मान्य करावं लागलं. हजारो कोटींच्या प्रकल्पाचं डिझाइन होडीवाल्यांनी बदलायला लावलं. होतं, भाऊ. चिकाटी लागते.

आता बीडकडं येतो.

आपल्याला समुद्र नाही. बिंदुसरा आहे. २३ जुलै १९८९ ला ती शहरात कशी घुसली आणि किती घरं घेऊन गेली, हे चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक बीडकराला माहीत आहे. नदीची कडही आपण अशीच घालवली. एकदम नाही. आधी टपरी, मग पत्रे, मग स्लॅब. जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात जा. शाळेच्या मैदानाला रस्त्याकडून गाळे. बाजारतळाला गाळे. बागेचं आरक्षण नकाशात हिरवं आणि जागेवर शटर. कारण तेच, शब्द न शब्द तोच: "उत्पन्न वाढेल, देखभाल होईल." उत्पन्न कोणाचं वाढलं ते गाळे कोणाच्या नावावर आहेत ते बघा, लगेच कळेल.

कायदा आपल्या बाजूनं आहे. हिमाचलातल्या बियास नदीकाठी एका रिसॉर्टनं जमीन घेतली आणि नदीचा प्रवाहच वळवायला घेतला. त्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नदी, समुद्र, किनारा यांचं सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. विश्वस्ताला देवस्थानाची जमीन विकता येत नाही, तसंच हे. (आपल्या जिल्ह्यात देवस्थानाच्या जमिनींचं काय झालं, हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे.)

म्हणून मुंबईतल्या त्या भांडणाकडं तमाशा म्हणून बघू नका. तिथं कोर्टाची लेखी अट आहे, मोठे वकील आहेत, इंग्रजी पेपर आहेत. एवढं असूनही जागा राखायला झगडावं लागतंय. आपल्याकडं तर अट माहीत असणारा माणूसही नाही. तिथं हा पायंडा पडला, तर उद्या आपल्या नगरपालिकेतले साहेब म्हणणार, "अहो, मुंबईत चालतं, इथं काय झालं?"

करायचं काय? तीन कामं.

१. आपल्या गावाच्या विकास आराखड्यात बाग, मैदान म्हणून कुठले सर्व्हे नंबर राखून ठेवलेत ते माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपयांचं तिकीट लागतं, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

२. आरक्षण बदलायचं असेल तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात. एक महिना मुदत असते. ती नोटीस पेपरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात येते. ती वाचा, फोटो काढा, ग्रुपवर टाका. एका गावातून दोनशे हरकती गेल्या तर सुनावणीत साहेबाला घाम फुटतो.

३. मुंबईत नातेवाईक असतील तर त्यांना सांगा, त्या विहार क्षेत्रावर जात राहा. आई-वडिलांना, पोरांना घेऊन जा, डबा घेऊन जा. रिकाम्या जागेला दोर लावणं सोपं असतं. माणसांनी भरलेल्या जागेला लावणं अवघड जातं.

आणि नगरपालिकेच्या निवडणुकीत मतं मागायला आलेल्या प्रत्येकाला एकच विचारा. गावात पैसे न देता बसायची जागा कुठं आहे आणि तुम्ही निवडून आल्यावर ती तशीच राहणार का? उत्तराचा व्हिडिओ काढून ठेवा.

तुमच्या गावातलं गाळ्याखाली गेलेलं मैदान किंवा बाग कुठली, ते कमेंटमध्ये लिहा. गाव, जागा आणि कुठल्या साली गेली एवढंच. माणसांची नावं नकोत. यादी झाली की आरटीआयचे अर्ज मी स्वतः टाकतो.