हद्दवाढ : गावाला ग्रामसभा आहे, प्रभागाला काय?

करवीर तालुक्यात हद्दवाढीचा विषय निघाला की दोनच आवाज येतात. शहरातली कृती समिती म्हणते, हद्दवाढ झालीच पाहिजे. गावं म्हणतात, एक इंचही जागा देणार नाही. मोर्चा, गाव बंद, मुंबईत बैठक, मग परत शांतता. महापालिका झाली १९७२ साली. त्यानंतरची पन्नास वर्षं शहराची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटरच राहिली.

शहराचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पाचगाव, कळंबा, उचगाव, मोरेवाडी इथली वस्ती कधीच शहराला चिकटली आहे. माणसं नोकरीला, दवाखान्याला, कॉलेजला शहरात जातात, केएमटीनं फिरतात. कचरा टाकायला शहराला जागा नाही. पण गावाची भीतीही पोकळ नाही. घरफाळा वाढेल हे एक. त्याहून मोठं म्हणजे रानावर आरक्षण पडेल. सातबारा नावावर राहतो, पण बागेचं नाहीतर रस्त्याचं आरक्षण पडलं की ना घर बांधता येतं ना नीट विकता येतं. कायद्यानं दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालकानं खरेदीची नोटीस द्यायची, आणि त्यानंतरही दोन वर्षं थांबायचं. तोवर पोरं म्हातारी होतात.

मधला मार्ग म्हणून २०१७ साली करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतल्या ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं. त्यातनं गावांच्या वाट्याला आधी आला तो परवानगीचा हेलपाटा. पूर्वी ग्रामपंचायतीत होणारं बांधकामाचं काम शहरातल्या ऑफिसात गेलं. रस्ता-गटारीसाठी निधी कुठं, हा प्रश्न तसाच राहिला.

लोकांना न विचारता केलेल्या नियोजनाचं काय होतं, हे कोल्हापूरला कुणी शिकवायची गरज नाही. शहरातले सुमारे पन्नास किलोमीटर रस्ते खाजगी कंपनीकडनं करून घेतले आणि वसुलीला टोलनाके बसवले. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासोबत व्यापारी, वकील, रिक्षावाले, गृहिणी सगळे रस्त्यावर उतरले. शेवटी टोल गेला. तीच माणसं रस्ते ठरवताना टेबलाभोवती बसवली असती तर?

खरा पेच इथं आहे. गावात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. कधी कोरम भरत नाही, कधी नुसती सही होते, तरी उठून सरपंचाला विचारता येतं. शहरात ते कुठं आहे? २००९ साली महापालिकेच्या कायद्यात क्षेत्रसभा घातली, पण प्रभागात ती भरल्याचं ऐकू येत नाही. त्यात नोव्हेंबर २०२० ला सभागृहाची मुदत संपली आणि कित्येक वर्षं प्रशासकच कारभारी राहिले. म्हणजे हद्दीत या म्हणणाऱ्यांकडंच विचारायला नगरसेवक नव्हता.

विकास आराखड्यात लोकांसाठी हरकती-सूचनांची मुदत असते, आणि तिथंच गावं मागं पडतात. नकाशा लागतो तेव्हा ऊसतोड सुरू असते. मुदत संपल्यावर कळतं की आपल्या गटातनं रस्ता गेलाय. आराखडा निघाला की गट नंबर घेऊन नकाशा बघायचा, लेखी हरकत द्यायची, पोच घ्यायची आणि सुनावणीला जायचं. तोंडी बोललेलं कुठंच राहत नाही.

नकाशात पूररेषाही बघावी. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. कुठल्या वावरात पाणी आधी शिरतं हे चिखली-आंबेवाडीचा म्हातारा न बघता सांगतो. आराखडा करणाऱ्यानं त्याला विचारायला हवं, आणि भराव टाकणाऱ्यालाही त्याच बैठकीत बसवायला हवं.

पुण्याजवळ मगरपट्ट्यात शंभरावर शेतकरी कुटुंबांनी जमिनी विकून टाकल्या नाहीत, एकत्र येऊन सुमारे ४०० एकरांत नगर उभं केलं आणि मालकीत हिस्सा ठेवला. तिथं जमिनीचा भाव आणि बाजार वेगळा, ते इथं जसंच्या तसं चालणार नाही. पण बेचाळीस गावांतल्या एखाद्या ग्रामसभेनं एवढा तरी ठराव करावा : आरक्षण टाकण्याआधी गावात बैठक, नकाशा मराठीत आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, घरफाळा किती वर्षं वाढणार नाही ते लेखी. असा ठराव झाला तर शहराला त्याचं उत्तर द्यावं लागेल. नुसत्या नकाराला उत्तर लागत नाही.