बालीचा व्हिला आणि त्र्यंबकचा सातबारा

परवा एका जुन्या मित्राने बालीची रील पाठवली. भातखाचरं, मागे डोंगर, समोर निळंशार पाणी, आणि "आत्ताच जमीन घ्या" असा सल्ला. खाली त्याचा मेसेज: "अशी जागा आपल्या त्र्यंबककडे मिळेल का रे? तू पत्रकार, तुझ्या ओळखी असतील."

रविवारी गेलो दोघं. त्र्यंबक सोडून जव्हार रस्त्याला लागलो. एजंट आधीच येऊन थांबला होता. जागा खरंच देखणी. उतारावर नागलीचं शेत, खाली नाला, समोर डोंगररांग. मी सातबारा मागितला. नाव आदिवासी शेतकऱ्याचं. एजंट हसून म्हणाला, "नाव त्याचंच राहील साहेब. कुलमुखत्यारपत्र करू, नोटरी करू, वर साठेखत. वापर तुमचा. सगळे असंच करतात."

ज्याच्या नावावर ती जमीन होती, तो माणूस दहा फुटांवर उभा होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. त्याने आम्हाला कोरा चहा मात्र दिला.

आता गंमत बघा. ज्या बालीच्या रीलवरून हे सुरू झालं, तिथेही हाच खेळ चालतो. इंडोनेशियाच्या 1960 च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी हक्क, तिकडे त्याला 'हक मिलिक' म्हणतात, परदेशी माणसाला मिळत नाही. त्याला ठरावीक मुदतीचा भाडेपट्टा किंवा वापराचा हक्क मिळतो. मग काही जण स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेतात. पैसा यांचा, नाव त्याचं. कायद्यापुढे असा व्यवहार टिकत नाही. रीलमध्ये हे कुणी सांगत नाही.

आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 36अ आहे. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि तिला राज्य शासनाची पूर्वमान्यता लागते. त्या गावात किंवा पाच किलोमीटरच्या आत दुसरा आदिवासी ती घ्यायला तयार आहे का, हेही आधी बघायचं असतं. 'पेसा' गावांत ग्रामसभेचा प्रश्न येतो तो वेगळाच. बेकायदा व्यवहार झाला तर जिल्हाधिकारी स्वतःहून चौकशी लावू शकतात, तीही कित्येक वर्षांनी. आणि दुसऱ्याच्या नावावर मालमत्ता ठेवलीत तर बेनामी कायदा आहेच. 2016 च्या दुरुस्तीनंतर त्यात मालमत्ता जप्त होते आणि एक ते सात वर्षं सक्तमजुरी होऊ शकते.

"सगळे करतात" याचा अर्थ एवढाच, की अजून सगळे सापडलेले नाहीत.

आता दुसरी बाजू. तीही खरी आहे. एका आदिवासी शिक्षक मित्राने मला सुनावलं होतं, "तुमच्या जमिनीला बाजारभाव, आमच्या जमिनीला कायदा. पोरीच्या लग्नाला, दवाखान्याला पैसा लागला तर आम्ही काय करायचं?" याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण नोटरीच्या कागदावर त्याला बाजारभाव मिळतो का? नाही. कायदा आडवा येतो म्हणून भाव पाडला जातो, आणि त्याच कायद्याला बगल देऊन जमीन घेतली जाते. म्हणजे कायद्याचा तोटा तेवढा त्याच्या पदरात.

जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याची सोय याच कलमात आहे. सप्टेंबर 2025 मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी आदिवासींना जमीन खासगी भाडेपट्ट्याने देण्याचा मार्ग सोपा करू, असं जाहीर केलं, तेव्हा आदिवासी संघटनांनी विरोध केला. त्यांची भीती समजते. भाडेपट्टा कागदावर पाच वर्षांचा असतो, पण कंपाउंड एकदा पडलं की ते कोण काढणार?

हे आत्ता लिहायचं कारण सिंहस्थ. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण, 2027 च्या पावसाळ्यात अमृतस्नानं. रस्ते रुंद होतायत. समृद्धीचा इगतपुरीपासून पुढचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला, मुंबई जवळ आली. 'लेक व्ह्यू', 'हिल व्ह्यू' असे बोर्ड वाढलेत. आणि खरं सांगायचं तर आम्ही पेपरवालेही धुतल्या तांदळाचे नाही. सिंहस्थाच्या पुरवण्या प्लॉटिंगच्या जाहिरातींवर निघतात. मी स्वतः अशा जाहिराती आणल्यात. एकदाही सातबारा मागितला नाही.

आणि तो 'लेक व्ह्यू' कुणाला? याच त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बायका तास नदीवर टाकलेल्या लाकडी बल्लीवरून हंडे घेऊन जायच्या. फोटो गाजला, जानेवारी 2022 मध्ये लोखंडी पूल बसवला, जुलैच्या पुरात तो वाहून गेला. वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि धरणांच्या तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. त्यात फार्महाऊसची बोअर आणि स्विमिंग पूल आला तर पाड्याच्या विहिरीचं काय होईल, हे सांगायला भूगर्भतज्ज्ञ लागत नाही.

गावात जाऊच नका असं मी म्हणत नाही. जरूर जा. पाड्यावर कुणी घरगुती मुक्कामाची सोय केली असेल तर तिथे राहा, नागलीची भाकरी खा, पैसे त्या घरात द्या. जमीन घ्यायचीच असेल तर आधी सातबारा आणि जुने फेरफार स्वतः काढा, 'इतर अधिकार' रकाना वाचा, तलाठ्याला भेटा, आणि मूळ मालकाशी एजंट शेजारी नसताना बोला. शेतजमिनीला तुम्ही स्वतः शेतकरी असावं लागतं, हेही विसरू नका.

परत येताना मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या माणसाला आपण नावसुद्धा विचारलं नाही रे."

नाव मला माहीत होतं. सातबाऱ्यावर वाचलं होतं.