वॉर्डात न दिसणारा पेशंट

एमबीबीएस झालेल्या मुलाला आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘एमडी कशात करणार?’ उत्तर ‘फॅमिली मेडिसीन’ आलं, की समोरचा समजून जातो, पोराला चांगली सीट मिळालेली दिसत नाही. काहींच्या बाबतीत ते खरंही असतं. पण काही मुलं आपणहून ही वाट धरतात. त्यांच्या डोक्यात काय असतं, ते समजून घ्यायला जामखेडचं उदाहरण पुरेसं आहे.

रजनीकांत आणि मेबल आरोळे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. नंतर आपल्याच नगर जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात राबले. तिथे बरं करून घरी पाठवलेला पेशंट पुन्हा तेच दुखणं घेऊन यायचा. पाणी गढूळ, पोटाला अपुरं. औषध पुरणार कुठे? मग दोघांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि 1970 साली जामखेडला काम सुरू केलं. गावानेच निवडलेल्या, बहुतेक अक्षरओळख नसलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. डॉक्टरला न दिसणारं घर या बायकांना आतून माहीत होतं. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

कॉलेजच्या वॉर्डात मुलांना हे घर दिसत नाही. एखाद्या बाईची साखर वाढली की भरती, उतरली की डिस्चार्ज. तीच बाई घरी फ्रिज नाही म्हणून इन्सुलिनची बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवते, पंधरा दिवसांच्या गोळ्या अर्ध्या करून महिनाभर पुरवते आणि डॉक्टर रागावतील म्हणून त्यातलं काही सांगत नाही. हे तिच्याकडून काढून घेणं फार अवघड, आणि माझ्या मते वैद्यकीतलं सगळ्यात रंगतदार काम तेच. एकदा त्याची चटक लागली, की त्या डॉक्टरला एकाच अवयवात आयुष्य काढणं नको वाटतं.

ही चटक लागायची संधी आता अभ्यासक्रमातच आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमानुसार एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला खेड्यातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्याकडे वरचेवर जावं लागतं. आपल्या जिल्ह्यात लोणी आणि विळद घाट इथे मेडिकल कॉलेजं आहेत. असा एखादा विद्यार्थी तुमच्या दारात आला, तर बीपी मोजून झाल्याबरोबर त्याला वाटेला लावू नका. गोळ्यांचा डबा दाखवा, पिण्याचं पाणी कुठून येतं ते सांगा, आणि कोणती गोळी गुपचूप बंद केलीत तेही.