उचल येण्यापूर्वी

दहावीचा निकाल लागला की 'पुढे काय?' या मथळ्याखाली व्याख्यानांचे पीक येते. वक्ते शहरातून येतात, अभियांत्रिकी व वैद्यकाच्या वाटा वर्णन करतात आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परततात. परळी तालुक्यातील सिरसाळ्यासारख्या गावाच्या परिसरात अनेक घरांतून हा प्रश्न निकालाच्या कितीतरी आधीच संपलेला असतो. पावसाळ्यात मुकादमाची उचल घरात येते, दिवाळीच्या सुमारास टोळ्या बाहेर पडतात. आठवी-नववीतला मुलगा आईबापांबरोबर गेला की शाळेचे पाच-सहा महिने बुडतात. मागे राहिलेली मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते, आणि तिच्या एकटेपणाच्या धास्तीने तिचे लग्न लवकर उरकले जाते. ऊसतोडीच्या व्यवहारात नवराबायकोच्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे.

शासनाने याचा विचार केला नाही असे म्हणता येणार नाही. 1952-53 च्या मुदलियार आयोगाने शाळांसाठी मार्गदर्शन अधिकारी सुचविले होते. कोठारी आयोगाने (1964-66) तर मार्गदर्शनाचा आरंभ प्राथमिक शाळेपासूनच व्हावा असे म्हटले. 2016 साली महाराष्ट्रात दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी सुरू झाली. कृषी, वाणिज्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कोठे आहे ते ती सांगे. 2020 मध्ये 'महाकरिअर' हे संकेतस्थळही आले.

परंतु कल कळला म्हणून वाट सापडतेच असे नाही. तांत्रिक कल असलेल्या मुलाच्या बापाला दोन वर्षांचा खर्च किती, राहायचे कोठे, शिष्यवृत्ती केव्हा हाती पडेल, हे हवे असते. गरीब घराच्या दृष्टीने शिक्षणाची खरी किंमत फीपेक्षा बुडणाऱ्या मजुरीत अधिक असते, आणि त्या मजुरीचा हिशेब कोणत्याही चाचणीत मांडलेला नसतो. परळीचे औष्णिक वीज केंद्र याच तालुक्यात उभे आहे. तेथे जोडारी, वीजतंत्री, बाष्पक चालविणारे अशा किती तऱ्हेच्या माणसांची गरज लागते, हे पंचक्रोशीतील किती मुलांना शाळेत सांगितले गेले असेल? डॉक्टरच्या मुलाला अशी माहिती जेवणाच्या पानावर मिळते. ज्याच्या घरी ती नाही त्याला ती शाळेनेच दिली पाहिजे.

यासाठी प्रत्येक शाळेत समुपदेशक नेमणे परवडणारे नाही, हा आक्षेप खरा आहे. पण केंद्रातील शाळांमिळून एक शिक्षक प्रशिक्षित करून त्याच्या तासिका कमी करणे अशक्य नाही. मात्र त्याच्यावर आणखी एका सर्वेक्षणाचे ओझे टाकले जाऊ नये. आपल्याकडे मोकळा दिसलेला शिक्षक फार काळ मोकळा राहत नाही! त्याने सातवी-आठवीच्या मुलांशी बोलावे, आणि त्यांच्या पालकांशी तर अवश्य बोलावे. टोळ्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. तेव्हापासून नवी उचल येईपर्यंतचे दिवस त्याच्या कामाचे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 2021 मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने मंजूर झालेल्या वसतिगृह योजनेचा अर्ज, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील प्रवेशाची अट, एस.टी.चा पास, यांची नेमकी माहिती त्याच्या वहीत असावी. आईबाप हंगामाला गेल्यावर मुलगी कोठे राहणार, हा प्रश्न त्या बैठकीत पहिला घेतला जावा.